लोकसंख्यावाढ, भारतातील

लोकसंख्यावाढ, भारतातील : आजच्या भारताच्या हद्दीत १९०१ मध्ये २३.८४ कोटी लोक होते. २०११ च्या जनगणनेत ही संख्या १२१ कोटींच्या वर गेली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार एप्रिल २०२३ मध्ये भारताने लोकसंख्येत चीनला मागे टाकले. ही वाढ जननदर चढल्यामुळे झालेली नाही. मृत्युदर आधी घसरला, जननदर त्यामागून सावकाश उतरला आणि मधल्या काळात लोकसंख्या वाढत गेली. परिणामांची चर्चा करताना हे वारंवार विसरले जाते, म्हणून आरंभीच नोंदवणे इष्ट.

जनगणनापूर्व अंदाज : इ. स. १६०० च्या सुमाराची लोकसंख्या हा अद्याप वादाचा विषय आहे. आर्थिक इतिहासकार डब्ल्यू. एच. मोरलँड यांनी १९२० मध्ये १० कोटींचा अंदाज मांडला. उत्तरेसाठी त्यांनी ‘आईन-इ-अकबरी’ या अकबरकालीन राज्यकारभाराच्या ग्रंथातील लागवडीच्या क्षेत्राचा आधार घेतला, दख्खन व विजयनगरसाठी मात्र तसे आकडे नसल्याने सैन्यबळावरून हिशेब केला आणि दर सैनिकामागे किती रयत असावी याचे प्रमाण पहिल्या महायुद्धापूर्वीच्या युरोपीय राष्ट्रांवरून घेतले. हा त्यांच्या मांडणीतील सर्वांत कच्चा दुवा होय. दख्खनच्या फौजांत हंगामी शिलेदार व बारगीर यांचा भरणा मोठा असे. त्यांतील अनेकजण पेरणीच्या दिवसांत शेतीवर परतत. अशा फौजेला युरोपातील खड्या सैन्याचे गणित लावणे धोक्याचे आहे. लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्जले डेव्हिस यांनी १९५१ मध्ये हा आकडा १२.५ कोटींवर नेला. इतिहासकार शिरीन मूसवी यांनी आईनमधील मोजणीचे क्षेत्र व महसूल यांची नव्याने छाननी करून १४ ते १४.५ कोटींच्या आसपासचा अंदाज दिला. आईनमध्ये वऱ्हाड व खानदेश सुभे येतात. निजामशाही व आदिलशाहीचा उरलेला मुलूख येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रापुरता स्वतंत्र आकडा काढण्याचे प्रयत्न फारसे विश्वसनीय ठरत नाहीत. एकूण भारताबाबत मात्र मूसवी यांची पद्धत मूळ साधनांना अधिक धरून आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

१८७२ ची पहिली जनगणना सर्वत्र एकाच वेळी झाली नाही आणि अनेक संस्थाने तिच्याबाहेर राहिली. तीत मोजलेली २०.६ कोटी ही संख्या डेव्हिस यांनी दुरुस्त करून २५.५ कोटी धरली. एकाच वेळी सर्वत्र झालेली पहिली जनगणना १८८१ ची होय.

महाविभाजन वर्ष (१९२१) : १९११ ते १९२१ या एकाच दशकात लोकसंख्या घटली (–०.३१ टक्के). आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत ही घट सु. २.९ टक्के, म्हणजे देशाच्या कितीतरी पट होती. १८९६ पासूनचा प्लेग व १८९९-१९०० चा दुष्काळ यांनी आधीच्या दशकांतील वाढ रोखली होती. या दशकात निर्णायक ठरला तो १९१८ चा इन्फ्लुएंझा, मराठी मुलखात ‘मानमोडी’ म्हणून ओळखला गेलेला. जून १९१८ मध्ये तो मुंबई बंदरात उतरला. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट घातक ठरली आणि मुंबई इलाखा व मध्य प्रांत यांना तिचा सर्वाधिक फटका बसला.

मृतांच्या संख्येबाबत एकमत नाही. सुरुवातीचा सरकारी अंदाज ६० लाखांच्या आसपास होता, १९२१ च्या जनगणनेच्या वेळी तो १.२ ते १.३ कोटींपर्यंत गेला, डेव्हिस यांनी २ कोटींच्या जवळपास नेला आणि इयन मिल्स यांनी १.७ ते १.८ कोटी धरला. २०१२ मधील एका अभ्यासात ब्रिटिश प्रांतांपुरता सु. १.४ कोटींचा आकडा आला. अडचण मूळ नोंदींतच आहे. जन्म-मृत्यूची वही गावकामगाराकडे असे आणि मृत्यूचे कारण म्हणून बहुधा ‘ताप’ एवढेच लिहिले जाई. साथीच्या ऐन भरात तर नोंद करणाराच अंथरुणाला खिळलेला किंवा दगावलेला असे. दशकाची अपेक्षित लोकसंख्या व प्रत्यक्ष मोजणी यांतील तफावत काढली, तर त्यात १९१८ च्या अवर्षणाचे बळी आणि न झालेले जन्मही मिसळतात. साथीने वीस ते चाळीस वयाची माणसे मोठ्या प्रमाणावर नेल्याने १९१९ मध्ये जन्म घटले. हे ध्यानात घेता दोन कोटींचा आकडा चढा वाटतो.

१९२१ नंतर लोकसंख्या कोणत्याही दशकात घटली नाही, म्हणून त्याला महाविभाजन वर्ष म्हणतात. त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्या वेळी सरासरी आयुर्मान विशीच्या आसपास होते आणि लोकसंख्येचा स्फोट कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. कर्वे यांचा मुख्य आग्रह स्त्रीच्या आरोग्याचा व तिच्या स्वातंत्र्याचा होता. पुढील सरकारी कार्यक्रमांनी हा आग्रह लक्ष्यांकांखाली दडपला, हे खेदाने नमूद करावे लागते.

वेग व उतार : १९६१-७१ मध्ये दशवार्षिक वाढ २४.८ टक्के होती, २००१-११ मध्ये १७.७ टक्क्यांवर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) एकूण जननदर (एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले) देशात २.०, महाराष्ट्रात १.७ व गोव्यात १.३ आहे. तरुणांचे प्रमाण मोठे असल्याने प्रतिस्थापन पातळीच्या, म्हणजे नवी पिढी जुन्या पिढीची जागा जेमतेम भरून काढते त्या जननदराच्या, खाली येऊनही एकूण संख्या काही दशके वाढतच राहते.

जमीन व पाणी : महाराष्ट्रात सरासरी वहितीधारण १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरांवर आले. वाटण्यांनंतर सातबारावर पोटहिस्से वाढतात, नव्या बांधांत जमीन जाते, विहीर मात्र सामाईक राहते आणि पाण्याच्या पाळ्यांवरून भावकीत तंटे उभे राहतात. दरडोई पाणी-उपलब्धता १९५१ मधील ५,१७७ घनमीटरांवरून २०११ मध्ये १,५४५ घनमीटरांवर आल्याचे नेहमी सांगितले जाते. हा निव्वळ भागाकार आहे. पाणी कोणाला मिळते हे त्यातून कळत नाही. महाराष्ट्रात पिकांखालील क्षेत्राचा लहानसा हिस्सा व्यापणारा ऊस सिंचनाचे पाणी फार मोठ्या प्रमाणावर घेतो. ही टंचाई केवळ माणसे वाढल्यामुळे आलेली नाही. कर्बवायूच्या बाबतीतही भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे.

समाज : १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू करणारा भारत हा पहिला देश. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. लहान कुटुंबाचा स्वीकार आणि मुलग्याचा हट्ट एकत्र आल्याने गर्भलिंगनिदान बोकाळले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, केंद्राच्या आधी, कायदा केला. तरीही ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात १९९१ मध्ये ९४६ होती, ती २०११ मध्ये ८९४ झाली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती.

लोकसभेच्या जागांचे राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेले असून ८४ व्या घटनादुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेवले आहे. लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जाहीर झाल्यापासून, जननदर लवकर खाली आणणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या जागांचे प्रमाण घटेल काय, हा प्रश्न तीव्र झाला आहे.