नाण्यातला बर्नुली आणि नळातला बर्नुली

बारावीत बर्नुली दोनदा भेटतो. भौतिकशास्त्रात वाहत्या द्रवाच्या धड्यात आणि गणितात नाणेफेकीच्या उदाहरणांत. दोन्हीकडे नुसतं आडनाव, त्यामुळे माणूस एकच असं आपण धरून चालतो. मीही कित्येक वर्षं तसंच धरलं होतं. हे खरं तर काका-पुतणे, स्वित्झर्लंडमधल्या ऱ्हाइनकाठच्या बाझल शहराचे.

नाणं काकाचं. याकोब (१६५५-१७०५) बाझलचाच. १६८७ पासून तिथल्या विद्यापीठात गणित शिकवत राहिला आणि वारलाही तिथेच. छापा की काटा, असे दोनच निकाल असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा केली तर काय होतं, हा त्याचा ध्यास. समजा, पिशवीत पांढरे-काळे खडे ३:२ आहेत. न बघता एक काढायचा, नोंदवायचा, परत टाकायचा. हाती येणारं पांढऱ्यांचं प्रमाण खऱ्यापासून पन्नासाव्या हिश्शाहून जास्त ढळणार नाही, याची हजारदा खरं तर एकदा खोटं अशी खात्री हवी तर किती वेळा काढायचा? याकोबचं उत्तर : २५,५५० वेळा. आजच्या सूत्रांनी याच्या जेमतेम पावपट वेळा पुरतात. पण मुळात खात्रीला आकड्यात बसवायचं, हेच तेव्हा नवं होतं. हे सगळं मांडणारं त्याचं पुस्तक छापून आलं १७१३ मध्ये, तो गेल्यावर आठ वर्षांनी.

नळ पुतण्याचा. डॅनियलचा (१७००-१७८२) जन्म हॉलंडमधला, शिक्षण डॉक्टरकीचं. नळ जिथे अरुंद होतो तिथे पाण्याचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. आपल्याला नेमकं उलट वाटतं! त्याने नळाला भोक पाडून त्यावर काचेची उभी नळी बसवली. पाणी जितकं चढेल तितका दाब. 'हायड्रोडायनॅमिका' हा त्याचा ग्रंथ १७३८ चा.

घोळ वाढतो तो पुढे. डॅनियलनेही शक्यतांचं गणित केलं. देवीच्या फोडातलं द्रव्य टोचून घेतलं तर आयुष्य किती वाढेल, हा हिशेब त्याने १७६० मध्ये मांडला. म्हणून 'शक्यता म्हणजे याकोब' ही खूण फसवी. बर्नुली चाचणी (दोनच निकालांची कृती) आणि बर्नुली संख्या (घातांच्या बेरजेच्या सूत्रांत येणाऱ्या) काकाच्या, बर्नुलीचं तत्त्व (वेग वाढला की दाब उतरतो) पुतण्याचं, एवढं पक्कं.

काका-पुतणे म्हटलं की आपले कान टवकारतात, पण इथे त्या दोघांत भांडण नाही. काका गेला तेव्हा पुतण्या पाच वर्षांचा होता. भांडखोर होता मधला योहान : याकोबचा धाकटा भाऊ, डॅनियलचा बाप, थोर गणिती ऑयलरचा गुरू. भावाशी त्याचं जाहीर वाजलं. पुढे पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस बापलेकांत विभागून मिळालं, तर त्याने लेकाला घराबाहेर काढलं.

याकोबला थडग्यावर हवं होतं शंखासारखं वळण, फेऱ्यागणिक रुंदावत जाणारं. पाथरवटाने कोरलं सारख्या अंतराचं, गुंडाळलेल्या सतरंजीसारखं. बाझलच्या मुख्य चर्चच्या ओवरीत ते आजही दिसतं.

आणि डॅनियलने 'हायड्रोडायनॅमिका'च्या पहिल्या पानावर नावापुढे लॅटिनमध्ये 'योहानचा मुलगा' असं छापलं, आपण मधलं नाव लावतो तसं. काही वर्षांतच बापाने याच विषयावर स्वतःचं पुस्तक काढलं आणि त्यावर साल टाकलं १७३२.