हवा, जंतू, उंदीर, पिसू : मुंबईच्या प्लेगचा कारणशोध

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तापाने फणफणलेले, जांघेत गाठ आलेले रुग्ण तपासले आणि हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. त्या वेळी प्लेगचा जंतू सापडून दोन वर्षे उलटली होती. हाँगकाँगच्या साथीत जून १८९४ मध्ये अलेक्झांडर यर्सिन यांनी रुग्णांच्या गाठींतून तो वेगळा काढला होता. कारण हाती आले होते, तरी साथ रोखण्यासाठी मुंबईत जे उपाय झाले, ते जंतूंचे नावही ठाऊक नसलेल्या पिढीला शोभणारे होते. वैद्यकाच्या इतिहासात असे वारंवार घडलेले दिसते. नवा शोध जुनी समजूत लगेच पुसून टाकत नाही; बराच काळ तो जुन्या चौकटीतच बसवून वाचला जातो.

ती जुनी चौकट फार भक्कम होती. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘जनपदोद्ध्वंस’ या विषयावर एक स्वतंत्र अध्याय आहे. माणसांची प्रकृती, आहार, बळ आणि वय वेगवेगळे असताना एकाच वेळी एकाच रोगाने अवघा मुलूख उजाड कसा होतो, असा पेच अग्निवेश आत्रेयांपुढे ठेवतो. वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समाईक असतात. त्या बिघडल्या की सगळेच आजारी पडतात, आणि त्या बिघाडाच्या मुळाशी अधर्म असतो, असे उत्तर त्याला मिळते. बिघडलेल्या देशाच्या लक्षणांत डास, माश्या आणि उंदीर यांचा सुळसुळाटही सांगितला आहे. त्यावरून प्लेगचे कोडे तेव्हाच सुटले होते असा दावा कोणी केला तर तो फोल ठरेल, कारण उंदीर तेथे बिघाडाची खूण म्हणून येतात, रोग पोहोचवणारे म्हणून नव्हे. प्रश्न मात्र अचूक होता. ग्रीक वैद्यांनीही हवा, पाणी आणि जागा यांकडेच बोट दाखवले होते, आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रज आरोग्याधिकाऱ्यांचा कुजक्या वाफांचा सिद्धान्त त्याच कुळातला होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू तलावाच्या पाण्यात दाखवला, तरीही दुर्गंधीवरचा हा विश्वास सहजासहजी ढळला नाही.

त्यामुळे १८९६-९७ मध्ये मुंबईची गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुऊन काढण्यात आली. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून घरांची कौले उतरवली गेली, भिंतींना चुना फासला गेला, जमिनी उकरल्या गेल्या, अंथरुणे-पांघरुणे जाळली गेली. जंतू आता सर्वांना मान्य होता, पण जमिनीत आणि कोंदट हवेत मुरलेले एक विष, अशा रूपातच तो मान्य झाला होता. गटारे धुतल्याने त्यांतले उंदीर घराघरांत शिरले असावेत, असा तर्क पुढे मांडला गेला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा आला आणि झडतीचा अधिकार सरकारच्या हाती गेला. पुण्यात रँडच्या कारभारात गोरे सोल्जर घरांत घुसले. त्याचा शेवट २२ जूनच्या गोळीबारात झाला, हे सर्वश्रुत आहे. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

मुंबईतून तोवर लोकांचे लोंढे बाहेर पडत होते. पळणाऱ्यांना अडाणी ठरवणे सोपे होते, पण ‘उंदीर पडू लागले’ की घर सोडायचे, ही खूणगाठ लोकांनी अनुभवातून बांधली होती. पुढे गावोगावी माणसे घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागली, आणि धान्याच्या कणग्या व उंदीर गावातच मागे राहत असल्याने हा उपाय बऱ्याच अंशी लागूही पडत असे. उपाय बरोबर असला तरी त्यामागची कारणमीमांसा बरोबर असतेच असे नाही. माझ्या मते, कार्बोलिकच्या पिंपांपेक्षा माळावरच्या झोपड्यांनी अधिक जीव वाचवले असतील.

ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा जागेत लशीचे काम सुरू केले. त्यांची रीत मुलखावेगळी होती. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्या खालच्या अंगाला प्लेगचे जंतू चिकटून वाढत आणि लोंबत्या सुळक्यांसारखे खाली उतरत. भांडे हलवले की ते तळाशी बसत आणि नवे सुळके धरू लागत. असे वाढवलेले जंतू उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. लशीने शरीर सावध केले, पण जंतू शरीरापर्यंत पोहोचतो कसा, या प्रश्नाला ती हात लावू शकत नव्हती.

त्या प्रश्नाचे उत्तर पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत शोधले. काही रुग्णांच्या त्वचेवर त्यांना बारीक फोड दिसले होते आणि त्या फोडांत प्लेगचे जंतू होते. हा कीटकाचा चावा असावा, अशी त्यांना शंका आली. त्यांनी काचेच्या बरणीत प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला आणि जाळीआड, त्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने, एक निरोगी उंदीर सोडला. पहिला उंदीर मेला आणि काही दिवसांनी दुसराही प्लेगनेच गेला. प्रयोग साधा होता आणि निष्कर्ष स्पष्ट होता, तरीही सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने उंदरांना दुय्यम मानले आणि सिमाँ यांचा पुरावा अपुरा ठरवला. अनवाणी पायांच्या भेगांतून जंतू शिरतो, हे कमिशनला अधिक पटले. अस्वच्छ जमिनीच्या जुन्या कल्पनेशी ते अधिक जुळत होते, एवढेच त्याचे कारण असावे.

हा वाद मिटला तो परळमध्ये. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली होती. आजची हाफकिन संस्था तीच. ग्लेन लिस्टन आणि १९०५ पासून काम करणाऱ्या नव्या संशोधन मंडळाने तेथे मुद्दाम लहान खोल्या बांधून प्रयोग केले. साथीने दूषित झालेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातील प्राणी प्लेगने मेले, दोन फुटांवरचे वाचले. हवेत विष असते तर दोन फुटांनी काहीही फरक पडला नसता. पिसू साधारण चार इंच उडी मारते, आणि या एका मापाने शतकानुशतकांची समजूत निकालात निघाली. १९१४ मध्ये लंडनमध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी उरलेला दुवा दाखवला: पिसवेच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो, भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि शोषलेले रक्त जंतूंसह जखमेत उलटे ढकलते.

शहराने मात्र तोवर स्वतःला हवेच्या सिद्धान्तानुसार नवा आकार द्यायला घेतला होता. १८९८ च्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, ते पश्चिमेचा समुद्री वारा आत यावा म्हणून. दादर-माटुंग्याच्या ऐसपैस आखणीमागेही हाच विचार होता. शास्त्र चुकीचे होते, पण रस्ते वाईट झाले नाहीत. ज्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या त्यांना ते पटले असते असे मात्र वाटत नाही.

परळच्या मंडळींनी केलेली आणखी एक पाहणी मला या साऱ्यात अधिक दूरदर्शी वाटते. त्यांनी मुंबईचे उंदीर आणि प्लेगपासून जवळजवळ सुटलेल्या मद्रासचे उंदीर यांना सारख्याच मात्रेने जंतू टोचून पाहिले. मद्रासचे उंदीर मोठ्या संख्येने मेले आणि मुंबईचे पुष्कळसे तगले, कारण वर्षानुवर्षांच्या साथीत तग धरणाऱ्या उंदरांचीच संतती येथे उरली होती. १९२० नंतर प्लेग ओसरत गेला, त्यात या बदललेल्या उंदरांचा वाटा असावा असे मानले जाते.