‘लहान आहे, भरून निघेल’ या समजुतीमागचा इतिहास

तान्ह्या मुलाच्या डोक्याला जबर मार लागला किंवा मेंदूज्वर झाला, की आईवडिलांना धीर देताना हे वाक्य हमखास म्हटलं जातं. त्याला शास्त्राचा आधार आहे, पण अर्धाच.

आधार जुना आहे. पॅरिसमध्ये डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1860च्या दशकात बोलण्याची क्षमता मेंदूच्या डाव्या बाजूशी जोडली. 1868 मध्ये ज्यूल कोतार यांनी नोंदवलं, की बालपणीच डावी बाजू निकामी झालेल्या माणसांना बोलता येत होतं. पुढे 1936 साली अमेरिकेत येल इथे मार्गारेट केनार्ड यांनी माकडांच्या मेंदूतला हालचालींचा भाग शस्त्रक्रियेने काढला. मोठी माकडं लुळी पडली, पिल्लं बरीच सावरली. त्यावरून ‘इजा जितक्या लवकर, तितकी भरपाई चांगली’ असा नियमच रूढ झाला आणि त्याला केनार्ड यांचं नाव चिकटलं. हा त्यांच्यावर अन्यायच आहे, कारण काही पिल्लांमध्ये वाढत्या वयाबरोबर नवे दोष उमटल्याचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं.

उलट बाजू मांडली कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी, 1942 साली. मोठ्या माणसाने जे शिकून ठेवलेलं असतं, त्यातलं पुष्कळसं इजेनंतरही टिकतं. बाळाला अजून सगळं शिकायचंच असतं, आणि दुखावलेलं असतं ते शिकण्याचं साधनच. हा विचार मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो.

पॅट्रिशिया गोल्डमन यांच्या 1970च्या दशकातल्या प्रयोगांनी त्याला बळ दिलं. कपाळामागचा मेंदूचा एक भाग लहानपणीच काढलेली माकडं वर्षाची असताना, खाऊ कुठे लपवला ते क्षणभर लक्षात ठेवण्याच्या खेळात इतरांच्या बरोबरीने होती. दोन वर्षांची होईपर्यंत मात्र ती मागे पडली. तो भाग कामाला लागण्याचं वय येईपर्यंत उणीव दिसलीच नव्हती.

माणसात हा भाग विशीपर्यंत घडत राहतो. लक्ष टिकवणं, मनाला आवर घालणं, कामाचा क्रम लावणं ही त्याची कामं. मेलबर्नच्या विकी अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये वेगवेगळ्या वयांत मेंदूला इजा झालेल्या मुलांची तुलना केली. दोन वर्षांच्या आत इजा झालेल्यांच्या विचारक्षमतेत सर्वाधिक आणि सर्वांगीण घट आढळली.

म्हणूनच मूल चालू-बोलू लागलं, की तपासण्या थांबवणं घातक ठरतं. शाळेत धडे लांबतात, बाई एकदम तीन सूचना देतात, तेव्हा कुठे अडचण उघडी पडते आणि मुलावर ‘आळशी’, ‘धांदरट’ असा शिक्का बसतो. अशा वेळी मूल अगदी दीड वर्षाचं असताना झालेला अपघातही घरच्यांनी डॉक्टरांना आणि शाळेलाही आवर्जून सांगावा. बहुतेकदा तो कुणाच्या ध्यानातच येत नाही.