लेलँड सरू

मॉंटेरे सरू आणि नूटका सरू या दोन सूचिपर्णी वृक्षांच्या संकरातून झालेला सदाहरित वृक्ष. कूप्रेसेसी कुलातील या झाडाची लागवड ब्रिटन, आयर्लंड आणि अमेरिकेत उंच कुंपणासाठी व वारा अडवण्यासाठी होते. जागा मानवली तर ते वर्षाला सुमारे १ मीटर वाढते आणि छाटले नाही तर ३० मीटरच्याही वर जाते.

या संकराचे आईबाप निसर्गात एकमेकांना कधी भेटलेच नसते. मॉंटेरे सरू कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा. त्याला समुद्राचे धुके आणि सौम्य हिवाळा लागतो. नूटका सरू अलास्कापासून खाली उत्तर कॅलिफोर्नियाच्या टोकापर्यंतच्या ओल्या, हिमाच्छादित डोंगरांतला. वेल्समधील लेटन हॉल या जहागिरीच्या बागेत दोन्ही झाडे शेजारी लावली गेली आणि १८८८ मध्ये नूटकाच्या बियांतून वेगळीच रोपे उगवली. ख्रिस्टोफर जॉन लेलँड यांनी ती इंग्लंडच्या नॉर्दम्बरलँड परगण्यातील आपल्या हॅगर्स्टन कॅसलच्या आवारात नेली. १९११ मध्ये लेटन हॉललाच उलटा संकर झाला. या वेळी बी मॉंटेरेचे होते. पहिल्या खेपेतून ‘हॅगर्स्टन ग्रे’ आणि दुसऱ्या खेपेतून ‘लेटन ग्रीन’ हे वाण आले. वाढीचा झपाटा मॉंटेरेकडून आणि थंडी सोसण्याची ताकद नूटकाकडून, अशी ही वाटणी आहे.

पूर्ण रुजलेले झाड उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी काढते. मात्र थंड प्रदेशात ते मरते तेव्हा बऱ्याचदा गारठ्याने नव्हे, तर तहानेने मरते. जमीन गोठली की मुळांना पाणी उचलता येत नाही. पाने मात्र हिरवीच असतात. ऊन आणि कोरडा वारा त्यांच्यातले पाणी ओढत राहतात. वाऱ्याच्या बाजूचा पाला तांबूस पडतो आणि वसंत आल्यावर ती फांदी वाळल्याचे कळते. उन्हाळी वाऱ्याने मोसंबीची बाग कोमेजताना पाहिलेल्या जालन्याच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फरक एवढाच, की थंड मुलखात पाणी जमिनीत असूनही मिळत नाही. बर्फाचा थर तर उलट मुळांचे रक्षणच करतो. अलास्कात हवामान तापल्याने बर्फ कमी पडू लागला आणि उघड्या पडलेल्या जमिनीत मुळे गोठून नूटका सरूची राने वाळली.

म्हणून थंड मुलखातली लागवड ही अर्धी कोरडवाहू शेतीच असते. रोपे वसंतात, कडाक्याची थंडी सरल्यावर लावतात, म्हणजे मुळांना जम बसवायला पूर्ण हंगाम मिळतो. पुरुषभर उंचीच्या महागड्या रोपापेक्षा दीड-दोन फुटांचे रोप लवकर सावरते. जमीन गोठण्याआधी भरपूर पाणी देऊन बुंध्याभोवती सालपटांचे किंवा पाल्याचे आच्छादन करतात, पण ते खोडाला चिकटू देत नाहीत. लहान रोपांना पहिले एक-दोन हिवाळे वाऱ्याच्या बाजूने गोणपाटाचा आडोसा लागतो. नत्रखत उन्हाळा संपायच्या आत थांबवावे. उशिरा फुटलेली कोवळी पालवी थंडीआधी पक्व होत नाही. मुळे वरवर पसरत असल्याने पाणथळ जागी मोठी झाडे वादळात उन्मळून पडतात. थंडी उणे २० अंशांहून तीव्र असेल तिथे हट्ट न धरता थुजा किंवा जुनिपर लावणे शहाणपणाचे.

छाटणी दरवर्षी करावी लागते. हिरव्या भागाच्या आत जुन्या तपकिरी लाकडापर्यंत कापले, तर तिथून पुन्हा फूट येत नाही आणि ते भगदाड कायमचे राहते.

हे झाड जवळपास वांझ असल्याने रोपे छाट कलमाने करतात. त्यामुळे एका वाणाची सगळी झाडे म्हणजे एकाच झाडाच्या नकला असतात. पाण्याच्या ताणाने किंवा थंडीने दुबळ्या झालेल्या झाडांवर सिरिडियम बुरशीचा कँकर (साल मारून फांद्या वाळवणारा रोग) येतो आणि एका रांगेत भराभर पसरतो. मावाही नुकसान करतो.

इंग्लंडमध्ये या कुंपणावरून शेजाऱ्यांत इतके वाद झाले, की २००३ च्या कायद्यात उंच कुंपणांसाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली. २ मीटरहून उंच सदाहरित कुंपणाने शेजाऱ्याचा उजेड अडत असेल, तर स्थानिक प्रशासनाकडे तक्रार करता येते. बांधावरच्या झाडाची सावली पिकावर पडते म्हणून होणारी आपल्याकडची भांडणे काही जगावेगळी नाहीत.

मराठवाड्यात या संकराची थंडी सोसण्याची ताकद वायाच जाते. परभणीत हिवाळ्यात पारा कधी ५-६ अंशांपर्यंत उतरला, तरी जमीन गोठत नाही. खरी परीक्षा एप्रिल-मेमधल्या ४० अंशांपुढच्या उन्हाची. त्यातच भारी काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. हौसेने लावायचेच असेल, तर निचऱ्याची मुरमाड जागा, दुपारची सावली आणि ठिबक हवे. तरीही ते फार काळ तग धरेल, असे म्हणवत नाही. रोपवाटिकांत ‘गोल्डन सायप्रस’ म्हणून विकले जाणारे कुंडीतले रोप हेच असेल, असेही नाही. मॉंटेरेचे सोनेरी वाण किंवा मोरपंखीही त्या नावाने खपते. किनाऱ्यावर आणि बागांभोवती दिसणारा सुरू हा तर सूचिपर्णी वृक्षच नव्हे. वारा अडवायला इथे तोच सुरू, शेवरी किंवा बांबू लावतात. अशी दाट रांग आपल्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते.