'टोटल लॉस' गाडी आणि तिची आरसी : पार्श्वभूमी

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतल्या तळमजल्यांवरच्या, सोसायट्यांच्या आवारांतल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. विम्याच्या कागदोपत्री 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशा, ठरलेल्या गाड्या लिलावात जातात आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून, वायरिंग बदलून पुन्हा रस्त्यावर येतात, हे सामान्य ग्राहकाला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. पुढे २०१५ला चेन्नई, २०१९ला सांगली-कोल्हापूर, २०२१च्या जुलैत चिपळूण. दर पुरानंतर प्रश्न तोच: ही गाडी कायद्याने जिवंत की मेलेली?

नोंदणी रद्द करण्याची तरतूद १९३९च्या मोटार वाहन कायद्यातही होती. आजचा आधार १९८८च्या कायद्याचं कलम ५५. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवून आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, जमा करायची. वापरली तर लोकांना धोका होईल आणि वाजवी दुरुस्तीपलीकडे गेली आहे, अशी गाडी नोंदणी अधिकारी तपासणी करून, मालकाचं म्हणणं ऐकून, स्वतःहूनही बाद करू शकतात.

खरा गुंता 'टोटल लॉस' या शब्दातच आहे. तो कलम ५५मध्ये नाही, तो विम्याचा आहे. २००२च्या मोटार टॅरिफपासून (वाहन विम्याच्या दर-नियमावलीपासून) रूढ झालेला हिशोब असा की गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला, की ती कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस, म्हणजे हिशोबापुरती पूर्ण नुकसान झालेली. आयडीव्ही वयानुसार घटते. आठ लाख एक्स-शोरूमची गाडी आठ महिन्यांची असेल तर १५ टक्के घसारा वजा जाऊन आयडीव्ही ६.८० लाख, म्हणजे मर्यादा ५.१० लाख. तीच गाडी पाचव्या वर्षात असेल तर घसारा ५० टक्के, आयडीव्ही चार लाख, मर्यादा तीन लाख. म्हणजे सव्वातीन लाखांचं तेच नुकसान नव्या गाडीला 'दुरुस्ती' आणि जुनीला 'टोटल लॉस'. पाणी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि एअरबॅगच्या मॉड्यूलपर्यंत गेलं, की चेसिसला ओरखडा नसतानाही हा आकडा सहज ओलांडला जातो. उलट पिलर (छत पेलणारे खांब) कापून जोडलेली एखादी गाडी मर्यादेच्या आत राहून निर्धोक म्हणून फिरते. पैशांचा हा निकष सुरक्षिततेचा म्हणून वापरला जातो, ही मला या सगळ्यातली सर्वात मोठी चूक वाटते.

टोटल लॉस ठरूनही आरसी जिवंत राहते, ही फट चोरांनी बरोबर हेरली. अशा गाडीचा सांगाडा घ्यायचा तो पत्र्यासाठी नाही, आरसी आणि चेसिस नंबरसाठी. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची आणि तिच्यावर तो नंबर पंच करायचा. अशी प्रकरणं उघडकीस आल्यावर पोलिसांचा आणि परिवहन खात्यांचा रोख 'टोटल लॉस म्हणजे आरसी रद्द' याकडे वळला. विमा कंपन्याही बऱ्याच दाव्यांत आरसी रद्द करून आणायला सांगू लागल्या. चोरीला त्याने आळा बसतो, हे मान्य. पण फक्त वायरिंग गेलेली, प्रामाणिकपणे दुरुस्त होऊ शकणारी गाडीही त्यात कायमची भंगारात जाते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मधला रस्ता आहे: आधी सॅल्व्हेज टायटल (नुकसानग्रस्त असा शेरा असलेला मालकीचा कागद), दुरुस्तीनंतर तपासणी आणि मग 'रिबिल्ट' असा शिक्का, जो पुढच्या खरेदीदारालाही दिसतो.

आपल्याकडे आरसी रद्द झाली नसेल, तर दुरुस्त केलेली खासगी गाडी फॉर्म २९ आणि ३० भरून, चेसिस नंबरचा पेन्सिलने उमटवलेला ठसा (पेन्सिल प्रिंट) लावून नव्या मालकाच्या नावावर होते. टॅक्सी किंवा टेम्पोला ठरावीक मुदतीने फिटनेस (रस्त्यावर चालायला योग्य असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. खासगी गाडीला नोंदणीची पंधरा वर्षं भरेपर्यंत ते लागत नाही, मध्ये ती पुरात बुडून आली असली तरी.

सप्टेंबर २०२१च्या स्क्रॅपिंग नियमांनी आग, दंगल, नैसर्गिक आपत्ती किंवा अपघातात सापडलेली गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढण्याची वाट दिली, पण ती भंगार असल्याचं मालकाने स्वतः लिहून द्यावं लागतं. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठीही नियम आले. गाडी ताब्यात असेपर्यंत विक्रेताच मालक मानला जातो आणि तिच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंद त्याला ठेवावी लागते. गाडी एकदा टोटल लॉस ठरली होती, हे सांगणारा रकाना मात्र आरसीवर अजूनही नाही.