दुखवटा कुणासाठी? राष्ट्रीय शोकदिनाची पार्श्वभूमी

१८ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी माहीम स्टेशनात राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम मुंबईकरांसोबत दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. बरोब्बर आठवड्यापूर्वी, ह्याच सुमारास, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले होते. १८०हून अधिक माणसं गेली. घरी परतायची, गाडीत पाय ठेवायला जागा नसायची ती वेळ. मुंबई थांबली, तीही नेमकी त्याच वेळेला.

आपल्याकडे दुखवटा म्हणजे मुळात घरातली गोष्ट. सोयरेधायरे कापड घेऊन येतात, सांत्वन करतात, मग यथावकाश दुखवटा काढतात. सरकारी दुखवट्याचं तसं नाही. तो आदेशाने सुरू होतो, आदेशाने संपतो आणि मुख्यतः पद बघतो. भारतीय ध्वजसंहितेत त्याची उतरंडच दिली आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती किंवा पंतप्रधान गेले तर देशभर झेंडा अर्ध्यावर. लोकसभेचे अध्यक्ष किंवा सरन्यायाधीश गेले तर दिल्लीत. राज्यपाल किंवा मुख्यमंत्री गेले तर त्या राज्यात. बाकीच्या मान्यवरांसाठी केंद्रीय गृहमंत्रालय वेगळी सूचना काढतं. फेब्रुवारी २०२२मध्ये लता मंगेशकरांसाठी २ दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला होता. लोकलमधून घरी निघालेला माणूस ह्या उतरंडीत कुठे बसतो? यादीत तरी त्याला जागा नाही.

झेंड्याची रीतही बघण्यासारखी आहे. तो थेट अर्ध्यावर चढवत नाहीत. आधी टोकापर्यंत न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग अर्ध्यावर आणायचा. दिवस संपताना उतरवण्याआधी पुन्हा एकदा टोकाला न्यायचा.

पद बघून शोक करण्याची ही चाल फक्त आपलीच नव्हे. फ्रान्सचंच घ्या. पाचव्या प्रजासत्ताकातले, म्हणजे १९५८पासूनच्या राजवटीतले, राष्ट्रीय शोकाचे पहिले तिन्ही प्रसंग माजी किंवा विद्यमान राष्ट्राध्यक्षांच्या निधनाचे होते : १९७०मध्ये द गॉल, १९७४मध्ये पॉम्पिदू, १९९६मध्ये मित्तराँ. चौथा प्रसंग २००१चा, आणि तोही स्वतःच्या माणसांसाठी नव्हे, तर ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात अमेरिकेत मेलेल्यांसाठी. १४ सप्टेंबरला युरोपभर दुपारी ३ मिनिटं शांतता पाळली गेली. स्वतःच्या भूमीवरच्या दहशतवादी हल्ल्यासाठी फ्रान्सने असा दिवस पाळला तो थेट ८ जानेवारी २०१५ला, शार्ली एब्दो ह्या व्यंग-साप्ताहिकाच्या कचेरीतल्या हत्याकांडानंतर. मग मात्र दीड वर्षात आणखी दोनदा तीच वेळ आली : त्याच नोव्हेंबरात पॅरिसमध्ये १३० जण मारले गेले तेव्हा ३ दिवस, पुढच्या जुलैत नीसमध्ये ट्रक गर्दीत घुसवला गेला तेव्हा पुन्हा ३ दिवस. त्याआधी २००४च्या मार्चमध्ये माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले तेव्हा स्पेननेही ३ दिवसांचा दुखवटा पाळला होता. ११ मार्च ही ती तारीख युरोपीय संघाने पुढे दहशतवादाच्या बळींचा स्मरणदिन म्हणून ठरवून टाकली.

आपल्या शेजारी, श्रीलंकेत, २१ एप्रिल २०१९च्या ईस्टरला चर्च आणि हॉटेलं उडवली गेली. २३ तारखेला राष्ट्रीय शोकदिन पाळला गेला. सकाळी साडेआठला देश ३ मिनिटं गप्प झाला आणि त्याच दिवशी नेगोम्बोच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये सामूहिक अंत्यविधी सुरू झाले.

भारतात दरवर्षीचे दोन दिवस ठरलेले आहेत, पण दोन्ही नेत्यांच्या हत्येशी जोडलेले. ३० जानेवारीला १० वाजून ५९ मिनिटांनी भोंगा, ११ वाजता दोन मिनिटं शांतता, ११ वाजून २ मिनिटांनी पुन्हा भोंगा. आणि २१ मे, राजीव गांधींच्या हत्येचा दिवस, दहशतवादविरोधी दिन. त्या दिवशी सरकारी कचेऱ्यांत शपथ घेतली जाते.

सामान्य माणसांचा शोक आपल्याकडे बहुतेकदा आदेशाची वाट न बघता पाळला जातो. २२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ जण मारले गेले, त्यातले ६ महाराष्ट्रातले. दुसऱ्या दिवशी काश्मीर कडकडीत बंद होतं. हैदराबादला आयपीएलचा सामना झाला, पण खेळाडूंच्या दंडावर काळ्या फिती होत्या आणि आतषबाजी नव्हती. काश्मीरमधल्या अनेक वर्तमानपत्रांचं पहिलं पान त्या सकाळी काळं छापलेलं होतं.