बडदास्त आणि व्यक्तिकेंद्री सेवा: वृद्धाश्रम बघताना

वृद्धाश्रम बघायला गेलेल्या मुलांना एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: ‘आईंना इथं इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही.’ ऐकून हायसं वाटतं. पण ही झाली बडदास्त. व्यक्तिकेंद्री सेवा, म्हणजे त्या माणसाची सवय, आवड आणि त्याला काय जमतं ते बघून केलेली मदत, वेगळी. धुतलेल्या चादरी आणि हसतमुख मावशी दोन्हीकडे असतात, त्यामुळे गल्लत होतेच.

सकाळची आंघोळच घ्या. बडदास्तीच्या जागी मावशी आजींना खुर्चीवर बसवतात, अंग चोळतात, पुसतात, गाऊन चढवतात; सात-आठ मिनिटांत मोकळ्या. काम चोख. दुसऱ्या ठिकाणी आधी तांब्या आजींच्या हातात जातो. हात थरथरतो, निम्मं पाणी बाहेर सांडतं. तोंड, हात, पोट आजी धुतात, पाठ आणि पाय मावशी. मग गाऊन की साडी, ही विचारणा. साडी म्हणाल्या तर निऱ्या मावशींच्या, पदर आजींचा. सहज वीस मिनिटं जातात. ती जाऊ द्यावीत, कारण उतारवयात न वापरलेली ताकद भराभर ओसरते आणि मुश्किलीनं परत येते. ‘आईला आता काहीच जमत नाही’ ही अवस्था कधीकधी चांगल्या सेवेनंच आणलेली असते.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा बारकाईनं अभ्यास केला. माणूसपण खच्ची करणाऱ्या वागण्याची त्यांची यादी आहे. तिच्यात फसवणूक, धाकदपटशा आहेच. शिवाय बाळासारखं वागवणं, झेपणार नाही अशा घाईनं उरकणं आणि येत असलेली गोष्ट करू न देणं हेही आहे. हे सगळं करणारी माणसं वाईट नसतात, हेही त्यांनी बजावलं. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना ‘आजी-आजोबा’ म्हणतात, त्यातही मायाच असते. पण हयातभर ‘सर’ ऐकलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांना ते आवडतं का, हे कोणी विचारत नाही.

आता याचं दुसरं टोक. ‘हात चालता राहील’ म्हणून सगळ्यांपुढे मेथीची जुडी ठेवली, तर तीही सक्तीच. चाळीस वर्षं रांधून कंटाळलेल्या बाईला नुसतं पेपर वाचत बसायचं असेल, तर बसू द्यावं. हवं ते पुरवणं म्हणजेही व्यक्तिकेंद्री सेवा नव्हे: मधुमेह असलेल्या काकांना जिलेबी हवी असेल, तर किती आणि कधी, हे त्यांच्याशीच बोलून ठरवायचं. डबा लपवायचा नाही.

जागा बघताना सोयींच्या यादीआधी विचारा, आंघोळीची वेळ कोण ठरवतं. ‘पहाटे पाचपासून सगळ्यांच्या उरकतो’ हे उत्तर पुरेसं बोलकं आहे. ‘ज्याच्या-त्याच्या सवयीनं’ असं म्हणाले, तर पुढचा प्रश्न: सकाळी एका मावशीकडे किती जण? पंधरा असतील, तर वीस मिनिटांच्या हिशेबानं नुसत्या आंघोळींनाच पाच तास लागतात.